बार्बारो: हाड जुळलं, खूर हरला

29 जानेवारी 2007 रोजी सकाळी पेनसिल्व्हेनियातल्या केनेट स्क्वेअर इथे बार्बारो या घोड्याला कायमचं झोपवण्यात आलं. ज्या मोडण्यापासून सगळं सुरू झालं, तो त्याचा उजवा मागचा पाय तोवर बऱ्याच अंशी जुळून आला होता. घोडा गेला तो बाकीच्या तीन पायांनी दगा दिल्यामुळे.

आमच्या नौपाड्याच्या बैठकीत मी प्रकरण उघडलं ते याच वाक्याने. ठाण्यातले काही पशुवैद्य, प्राणिमित्र संस्थांचे स्वयंसेवक आणि निरोप धाडला की येणारे घोडेवाले, गाडीबैलवाले, नालबंद असे आम्ही अधूनमधून जमतो आणि एखादी केस पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत उलगडून बघतो. अमेरिकेतल्या रेसच्या घोड्याशी आपलं काय देणंघेणं, हा प्रश्न आलाच. आपल्याकडे जखमी घोडा येतो तो वरातीचा, फार तर रेसकोर्सवरून निघून रायडिंगला लागलेला. मोठी शस्त्रक्रिया करायची म्हटली तर मुंबईत परळचं जनावरांचं इस्पितळ गाठावं लागतं. मग कोट्यवधींचा घोडा आणि त्याचं अद्ययावत इस्पितळ यातून शिकायचं काय?

माझं उत्तर असं, की जखमी घोड्यापाशी उभं राहिल्यावर आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. घोडेवाला म्हणतो, पाय मोडला म्हणजे संपलं. स्वयंसेवक म्हणतात, अमेरिकेत तर पाय जोडतात, तुम्ही प्रयत्नच करत नाही. बार्बारोच्या केसमध्ये हे दोन्ही आवाज खोटे पडतात. शिवाय त्याच्या आठ महिन्यांच्या उपचारांची माहिती डॉक्टरांनी वेळोवेळी जाहीरपणे दिली. एका घोड्याच्या आजारपणाची इतकी उघड नोंद क्वचितच मिळते.

शर्यत

6 मे 2006 रोजी लुईव्हिलच्या चर्चिल डाउन्सवर बार्बारोने केंटकी डर्बी ही शर्यत साडेसहा लेंग्थने, म्हणजे साडेसहा घोड्यांच्या लांबीइतक्या फरकाने जिंकली. 1946 साली असॉल्टने जिंकल्यानंतर एवढ्या फरकाने ही शर्यत कुणी मारली नव्हती. आयुष्यातली ही त्याची सहावी शर्यत आणि सहावा विजय. ट्रिपल क्राउन, म्हणजे डर्बी, प्रीकनेस आणि बेल्मॉन्ट या तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकण्याचा मान, 1978 च्या अफर्म्ड या घोड्यानंतर कुणाच्याही हाती लागलेला नव्हता, त्यामुळे या घोड्यावर सगळ्या देशाची नजर होती. ट्रेनर मायकेल मॅट्झ स्वतः घोडेस्वार, 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या सांघिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवलेला. 1989 साली आयोवातल्या सू सिटीला विमान कोसळलं, त्यातून हा वाचला आणि सोबतच्या मुलांनाही त्याने बाहेर काढलं. याचा केसशी संबंध नाही, पण ठाऊक असूनही सांगायचं राहिलं तर चुकल्यासारखं वाटेल.

दोन आठवड्यांनी, 20 मे रोजी, बाल्टिमोरच्या पिम्लिकोवर प्रीकनेस स्टेक्स होती. शर्यत सुटताना घोडे ज्या बंद दारामागे उभे करतात, ते दार उघडण्याआधीच बार्बारोने धडक मारून झेप घेतली. जॉकी एडगर प्राडोने त्याला आवरून मागे आणलं, डॉक्टरांनी नजर टाकली आणि घोडा पुन्हा दारात उभा केला. शर्यत सुटली आणि काहीशे मीटरांत, खचाखच भरलेल्या स्टँडसमोर, त्याचा उजवा मागचा पाय भलत्याच दिशेने वळला. त्या धडकेतच पाय दुखावला होता का, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली, चित्रफिती पुन्हापुन्हा पाहिल्या गेल्या, पण तसा पुरावा सापडला नाही. शर्यत बर्नार्डिनीने जिंकली. ते आज कितीजणांच्या लक्षात असेल, कोण जाणे.

पाय मोडलेला घोडा घाबरून धावत सुटतो आणि स्वतःच पायाचा चुराडा करून घेतो, तसं इथे झालं नाही. प्राडोने त्याला पटकन थांबवलं, खाली उतरून धरून ठेवलं. पाय जागेवरच बांधून आधार दिला गेला आणि त्याच रात्री पोलिसांच्या बंदोबस्तात घोडा केनेट स्क्वेअरच्या न्यू बोल्टन सेंटरला, म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जनावरांच्या इस्पितळात पोचला. घोड्याच्या मोडक्या पायाचं भवितव्य पहिल्या दहा मिनिटांत ठरतं, असं मी नेहमी सांगतो, आणि ती दहा मिनिटं जॉकीच्या किंवा मोतद्दाराच्या हातात असतात. डॉक्टर नंतर येतो.

काय मोडलं होतं

घोड्याच्या मागच्या पायाची ढोपरासारखी दिसणारी जी मोड असते, तिच्या खाली स्नायू नसतातच म्हटलं तरी चालेल. नळीचं हाड, खालचा सांधा, पास्टर्नचं आखूड हाड आणि खूर. त्यावरून दोरखंडासारखे कंडरे आणि वर कातडी. बार्बारोच्या नळीचं खालचं टोक फुटलं होतं, सांध्यामागचं छोटं सीसमॉइड हाड तुटलं होतं, सांधा निखळला होता आणि पास्टर्नचे 20 हून जास्त तुकडे झाले होते. एवढ्यात जमेची बाजू एकच, की कातडी फाटली नव्हती आणि खाली रक्त पोचत होतं. हाड कातडी फाडून मैदानाच्या मातीत गेलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रविवारी, 21 मे रोजी, तिथले शल्यचिकित्सक डॉ. डीन रिचर्डसन यांनी पाच तासांहून जास्त वेळ शस्त्रक्रिया केली. धातूची पट्टी आणि 27 स्क्रू. सांधा पूर्वीसारखा हलता करायचा नव्हताच. हाडं एकमेकांत कायमची जखडून टाकायची, म्हणजे पाय वाकणार नाही पण भार पेलेल, असा बेत होता. शर्यतीचा घोडा म्हणून बार्बारो पिम्लिकोवरच संपला होता. आशा होती ती पैदाशीच्या घोड्याची. त्यातही एक अडचण आहे, जी ऐकल्यावर बैठकीतल्या गाडीबैलवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं: थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतनाने झालेलं शिंगरू नोंदवलं जात नाही. घोड्याला घोडीवर प्रत्यक्ष चढावं लागतं आणि तेव्हा सगळं वजन मागच्या दोन पायांवर येतं. म्हणजे जो पाय मोडला, तोच पाय पुढच्या आयुष्याला लागणार होता.

ऑपरेशनपेक्षा भूल उतरण्याची भीती जास्त. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. शुद्धीवर येताच त्याला उठायचं असतं, धावायचं असतं, आणि त्या धडपडीत नुकतं जोडलेलं हाड पुन्हा मोडतं. 1975 साली बेल्मॉन्ट पार्कवर रफियन या घोडीचं हेच झालं. मोडलेल्या पायाची शस्त्रक्रिया झाली, पण शुद्धीवर येताना तिने पाय झाडले, सगळं केलेलं उधळलं आणि तिला झोपवावं लागलं. न्यू बोल्टनमध्ये यावर उपाय म्हणून कोमट पाण्याचा हौद आहे. भुलीतल्या घोड्याला झोळीतून उचलून रबरी तराफ्यात ठेवतात आणि तो तराफा पाण्यात सोडतात. पाय झाडले तरी ते पाण्यातच झाडले जातात. बार्बारो तिथून नीट उठला, आपल्या पायांनी तबेल्यात गेला आणि चारा खाऊ लागला. तरीही रिचर्डसन यांनी पत्रकारांना वाचण्याची शक्यता सांगितली ती पन्नास-पन्नास टक्के. स्क्रूंची संख्या ऐकून बाकी सगळे थक्क झाले होते, डॉक्टर मात्र हुरळले नाहीत.

नाल कुठली मारली होती?

बैठकीत मी इथवर आलो आणि मुरबाडकडून आलेल्या आमच्या नालबंद नानांनी मला थांबवलं. त्यांनी मोडलेल्या पायाबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांचा प्रश्न होता, ‘डॉक्टर, त्या दुसऱ्या पायाला नाल कुठली मारली होती?’

या केसमध्ये याहून नेमका प्रश्न नाही. न्यू बोल्टनचे नालबंद रॉब सिगाफूस यांनी डाव्या मागच्या खुराला आधाराची खास नाल चिकटवली होती, खिळे न मारता. उजव्या पायाला प्लास्टर असल्यामुळे तो लांब झाला होता, त्या उंचीला डावा पाय जुळावा आणि तळव्यालाही आधार मिळावा हा हेतू. थोडक्यात, संकट कुठून येणार हे त्या मंडळींना पहिल्याच दिवशी माहीत होतं. तयारीही होती. तरी ते आलंच.

खुराच्या आत खुराचं हाड असतं आणि ते शिंगासारख्या कठीण भिंतीला आतून धरलेलं असतं. दोन वह्यांची पानं एकमेकांत सरकवून घट्ट दाबली तर त्या वह्या ओढून सुटत नाहीत; तसे दोन बाजूंचे शेकडो पापुद्रे इथे एकमेकांत गुंतलेले असतात. साधारण साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा या पापुद्र्यांवर लटकलेला असतो म्हटलं तरी चालेल. ते सुजले, त्यांची पकड सैल झाली, की हाड भिंतीपासून सुटून खाली बसू लागतं किंवा फिरतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. ज्याने त्या घोड्याचं उभं राहणं एकदा पाहिलंय, तो ते विसरत नाही.

हे दुखणं कित्येक कारणांनी होतं. धान्य जास्त खाल्ल्याने होतं, पोटाच्या आजारात विष अंगात भिनलं तर होतं. बार्बारोला झालं ते निराळ्या वाटेने. एक पाय दुखतो म्हणून घोडा सारा भार जोडीच्या पायावर टाकून तासन्‌तास एकाच जागी उभा राहतो. चालताना पाय उचलला-टेकला जातो आणि त्या हालचालीने खुरात रक्त खेळतं. पाय सतत दाबाखाली राहिला की पापुद्र्यांना रक्त आणि पोषण नीट मिळत नाही. माणसाचा पाय मोडला तर त्याला खाटेवर आडवं करता येतं. घोडा फार काळ आडवा राहिला तर त्याच्याच वजनाने खालच्या बाजूचे स्नायू आणि फुप्फुस दबतं. म्हणजे उभं राहणं हाच त्याचा धोका आणि उभं न राहणं हाही.

नानांनी हे ऐकून एवढंच म्हटलं, की त्यांच्या वडिलांकडे लंगडं जनावर आलं की ते आधी चांगला पाय उचलून बघत.

जुलै

जूनचा महिना बरा गेला. इस्पितळाच्या फाटकाशी गाजरं, सफरचंदं, शुभेच्छापत्रं, मोठमोठे फलक येत राहिले. लोकांनी पवित्र तीर्थही पाठवलं. आपण हसण्याचं कारण नाही, गणपतीचा अंगारा आपणही जनावराच्या कपाळाला लावतो.

जुलैच्या सुरुवातीला उजव्या पायात जंतुसंसर्ग झाला. पट्टी आणि बरेच स्क्रू बदलावे लागले. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डाव्या मागच्या पायाला लॅमिनायटिस झाल्याचं जाहीर झालं. खुराची सुमारे 80 टक्के भिंत काढून टाकावी लागली. रिचर्डसन यांनी आता शक्यता कमी आहे, असं न आडपडदा ठेवता सांगितलं.

खुराची भिंत महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. म्हणजे गेलेला खूर परत यायला अनेक महिने, आणि तोवर त्याच पायावर उभंही राहायचं, कारण दुसरा प्लास्टरमध्ये. दिवसातून काही वेळ त्याला झोळीत टांगून ठेवत, म्हणजे पायांवरचा भार थोडा उतरायचा. सगळे घोडे हे सहन करत नाहीत, काही झोळीत पिसाळतात. बार्बारोने ते स्वीकारलं. घोड्याचा स्वभाव हा उपचाराचा भाग असतो, हे केसपेपरवर कुणी लिहीत नाही, पण मी लिहायला लागलोय.

इथेच थांबायला हवं होतं का? बैठकीत यावर बराच वेळ गेला. स्वयंसेवक ताई म्हणाल्या, नाही, घोडा खात होता, लोकांकडे बघत होता. कळव्याचा घोडेवाला म्हणाला, मालक श्रीमंत म्हणून, नाहीतर त्याच दिवशी कायमचं झोपवायची सुई. मालक रॉय आणि ग्रेचेन जॅक्सन यांनी एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करून ठेवली होती: घोडा आरामात असेल तोवरच उपचार, त्रास आवाक्याबाहेर गेला की थांबायचं. डॉक्टरांनीही हेच माप वारंवार बोलून दाखवलं. मला जुलैचा निर्णय बरोबर वाटतो. दुखणं औषधांनी आटोक्यात होतं, घोडा खात होता, आडवा पडून झोपत होता आणि पुन्हा उठत होता. आडवं होऊन आपणहून उठणं ही माझ्या लेखी क्ष-किरणांपेक्षा मोठी खूण.

ऑगस्टपासून त्याला बाहेर नेऊन चारायला सुरुवात झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उजव्या पायाचं प्लास्टर निघालं. डिसेंबरात तर घरी सोडण्याच्या गोष्टी निघू लागल्या.

जानेवारी

नव्या वर्षात दुसऱ्याच आठवड्यात डाव्या खुरात नव्याने वाढलेला भाग सुटू लागला, आणि तो काढावा लागला. डावा पाय दुखू लागताच भार उजव्यावर गेला, आणि महिना सरत आला तेव्हा उजव्या खुरात गळू झालं. 27 जानेवारीला पुन्हा शस्त्रक्रिया झाली. या वेळी नळीच्या हाडात आडवे पिन घालून बाहेरून सांगाडा बसवला, म्हणजे वजन खुरावर न जाता त्या सांगाड्यातून जमिनीवर उतरेल. यात पिनांच्या जागी हाड पुन्हा मोडायची जोखीम होती, हे डॉक्टरांनी लपवलं नाही.

या शेवटच्या शस्त्रक्रियेबद्दल माझं मत वेगळं आहे. मागचे दोन्ही पाय गेलेले असताना तिसरा उपाय म्हणजे पुढच्या पायांकडून उधारी. घोड्याचं सुमारे 60 टक्के वजन एरवीही पुढच्या पायांवर असतं. मागून आणखी भार सरकला की ते किती दिवस टिकणार? उत्तर एका दिवसात आलं. 28 तारखेच्या रात्री दोन्ही पुढच्या खुरांत लॅमिनायटिसची लक्षणं दिसली. रात्र वाईट गेली. उभा राहायला एकही धड पाय उरला नाही. 29 तारखेला सकाळी जॅक्सन दांपत्य आणि डॉक्टरांनी मिळून थांबायचं ठरवलं. खुर्चीत बसून मागाहून शहाणपण सांगणं सोपं असतं हे मान्य, पण 26 तारखेला मी तिथे असतो तर थांबा म्हटलं असतं. बैठकीतले निम्मे लोक माझ्याशी सहमत झाले नाहीत.

मागे काय राहिलं

चर्चिल डाउन्सच्या फाटकाबाहेर बार्बारोची अस्थिरक्षा पुरली आहे, आणि त्यावर 2009 साली शिल्पकार अलेक्सा किंग यांनी केलेला त्याचा कांस्यपुतळा उभारला आहे. त्यात त्याचे चारही पाय जमिनीपासून वर आहेत. तिकीट न काढताही लोकांना तिथे जाता यावं अशी जागा निवडली.

पुतळ्यापेक्षा पैशाचा माग काढणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घोडा इस्पितळात असतानाच न्यू बोल्टनसाठी त्याच्या नावाने निधी सुरू झाला होता. तो गेल्यावर लॅमिनायटिसच्या संशोधनासाठी देणग्या आल्या, आणि जॅक्सन दांपत्याने रिचर्डसन यांच्या नावाने घोड्यांच्या रोगांवरील अध्यासन सुरू करायला मदत केली. याआधी हाडाच्या शस्त्रक्रियेला मान होता, खुराच्या दुखण्याला नव्हता. आता जोडीच्या पायाला होणारा लॅमिनायटिस हा वेगळा विषय म्हणून अभ्यासला जातो. अँड्र्यू व्हॅन एप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून हे पुढे आलं, की पापुद्र्यांचा रक्तपुरवठा बराचसा पायाच्या उचल-टेकीवर अवलंबून असतो. म्हणजे नुसती मऊ नाल आणि जाड गादी पुरत नाही. घोड्याला पाय आलटून-पालटून टेकता यायला हवा. आपल्यासारख्यांना हेच उपयोगी, कारण याला 27 स्क्रू लागत नाहीत.

दुसरा परिणाम नोंदींचा. 2006 च्या ऑक्टोबरात केंटकीतल्या कीनलंडला शर्यतीच्या घोड्यांच्या सुरक्षिततेवर पहिली मोठी परिषद भरली. तोवर किती घोडे कुठल्या मैदानावर, कसल्या मातीवर, कितव्या शर्यतीत मोडतात याचा देशपातळीवर एकसारखा हिशोबच नव्हता. 2008 च्या जुलैत जॉकी क्लब या अमेरिकेतल्या थरोब्रेड घोड्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने अशी नोंद सुरू केली. 2009 साली घोडा शर्यतीत उतरण्याच्या दर 1,000 खेपांमागे 2.00 घोडे दगावत होते. 2023 मध्ये तो आकडा 1.32 होता. याचं सगळं श्रेय बार्बारोला देणं भाबडेपणाचं ठरेल. 2008 च्या केंटकी डर्बीत दुसरी आलेली एट बेल्स ही घोडी शर्यत संपताच दोन्ही पुढचे पाय मोडून पडली, तिला मैदानावरच झोपवावं लागलं. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता अनिटा या रेसकोर्सवर एकामागून एक घोडे गेले. 2020 च्या डिसेंबरात देशभरासाठी एकच सुरक्षा कायदा झाला आणि 1 जुलै 2022 पासून अमलात आला, तो या सगळ्या धक्क्यांमुळे. मला दिसतो तो फरक असा, की रफियनच्या वेळी लोक रडले आणि घरी गेले. बार्बारोच्या वेळी आठ महिने रोज बातमी येत राहिल्याने घोड्याच्या खुरात काय असतं हे सामान्य माणसाला कळलं, आणि पुढच्या वेळी त्याने प्रश्न विचारले.

नानांना या सगळ्यात आवडली ती एकच गोष्ट: 2008 मध्ये पुढच्या नालांच्या टोकाला असलेल्या उंच कडा 2 मिलिमीटरवर आणायची शिफारस झाली. नालेकडे कुणीतरी पाहिलं, म्हणाले.

कळवा

आता आपल्याकडची गोष्ट, थोडक्यात. गेल्या लग्नसराईत कळव्याच्या त्या घोडेवाल्याच्या घोडीला वरातीत जनरेटरच्या गाडीचा पत्रा लागून पुढच्या उजव्या पायावर, खुराच्या वरच्या बाजूला, खोल जखम झाली. हाड मोडलं नव्हतं. पूर्वी मी जखम धुऊन, टाके घालून, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन पाच दिवसांनी दाखवायला सांगितलं असतं. या वेळी पहिल्याच दिवशी बाकीच्या तीन खुरांना हात लावून त्यांची उष्णता आणि घोट्याजवळची नाडी लिहून ठेवली, आणि मालकाला ती बघायला शिकवली. तबेल्याला सिमेंटची फरशी होती, तिच्यावर वीतभर जाड वाळू टाकली. दुखणं कमी करणारं औषध जरा सढळ दिलं, कारण दुखरा पाय घोडीने टेकवावा हाच हेतू होता. जखम आवरल्यावर दिवसातून अनेकदा चार-चार पावलं चालवायला सांगितलं. मुरबाडहून नाना आले आणि डाव्या पुढच्या खुराला त्यांनी तळवा झाकणारी नाल बसवली.

घोडी बरी झाली. साधी जखम होती, बरी व्हायचीच, असंही कुणी म्हणू शकेल आणि मी वाद घालणार नाही. पण तिची लग्नसराई बुडाली. खुराक चालू, कमाई बंद. घोडेवाल्याने बैठकीत सरळ विचारलं: ‘डॉक्टरसाहेब, त्या घोड्याला मालक होता. माझ्या घोडीचा मालक मी, आणि मला घरभाडं भरायचंय.’ बार्बारोच्या केसमध्ये पैसा हा प्रश्नच नव्हता, म्हणून त्या केसमधून याचं उत्तर मिळत नाही. तिथे थांबायचं कधी, हे घोड्याच्या त्रासावर ठरवता आलं. इथे खिसा रिकामा झाला की ठरतं, आणि मग जनावर रात्रीच्या टेम्पोने दुसऱ्या गावी विकलं जातं. त्यापेक्षा सुई कितीतरी बरी, हे मी स्वयंसेवकांना सांगतो तेव्हा त्यांना राग येतो.

बोलून-बोलून आम्ही एक कागद तयार केला. गंभीर जखमी घोडा किंवा बैल आला की पहिल्याच दिवशी मालक, डॉक्टर आणि मदत करणारी संस्था यांनी मिळून भरायचा. किती आठवड्यांचा खुराक कोण देणार, हे एक. बाकीच्या पायांची रोजची तपासणी कोण करणार, हे दुसरं. आणि तिसरं, कुठली खूण दिसली की थांबायचं: दोन दिवस चारा तोंडात न घेणं, आडवं पडल्यावर आपणहून न उठणं, दुसऱ्या खुरात दाह सुरू होणं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 मधल्या कलम 13 मध्ये वाचण्याची आशा नसलेल्या जनावराला यातनेतून सोडवण्याची तरतूद आहे, पण कायद्यापर्यंत गोष्ट जाते तोवर जनावराचे हाल होऊन गेलेले असतात. पहिल्या दोन ओळींवर सगळ्यांच्या सह्या झाल्या. तिसऱ्या ओळीत शेवटचा शब्द मालकाचा की डॉक्टरचा, यावर घोडेवाला आणि ताई अजून भांडत आहेत, आणि नानांचं म्हणणं असं की त्या कागदावर नालबंदाच्या सहीलाही जागा हवी.